रेवाच्या कोटाचे शनिवार

सासूबाईंचं विमान सुटलं तेव्हा दुपार अजून बरीच शिल्लक होती. हीथ्रोहून सरळ ब्रिस्टलच्या रस्त्याला लागायचं, तर मी गाडी हाउन्सलोकडे वळवली. काम काहीच नव्हतं. हाय स्ट्रीटमागच्या गल्लीतलं परमजीत आंटींचं कापडाचं दुकान एकदा बघून यावं, एवढंच मनात होतं.

दुकान नव्हतं. तिथे आता नखं रंगवून देणारं पार्लर आहे. काचेमागे मुली टेबलावर हात पसरून बसल्या होत्या आणि औषधासारखा उग्र वास फुटपाथपर्यंत येत होता. तरी मी दार ढकललं. "बुकिंग आहे?" तिथल्या मुलीने विचारलं. मी नाही म्हटलं आणि तशीच उभी राहिले, कारण मागच्या भिंतीवर तो आरसा अजून होता. उंच, तीन भागांचा, कडेचे दोन भाग खिडकीच्या झडपांसारखे आतबाहेर होणारे. आंटी जाताना तो सोडून गेल्या असाव्यात.

त्या उग्र वासाखालून हळूहळू जुना वास वर आला. कोऱ्या कापडाच्या खळीचा, वाफेच्या इस्त्रीचा, तागे गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांचा आणि मागच्या खोलीत उकळत असलेल्या वेलदोड्याच्या चहाचा. मोठ्या कात्रीची टोकं कापडाला लागली की आधी एक बारीक चिरका आवाज यायचा, मग आंटी कापड दोन्ही हातांनी टरकावायच्या. मी कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर टाचण्यांचा डबा घेऊन. आरशात रेवा तीनदा दिसायची, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. तिच्यामागे आई, तीही तीनदा. मी एकाच भागात, तीही खांद्यापर्यंत कापलेली.

रेवा माझी धाकटी बहीण. ती जादूगार आहे. हौसेची नाही, पोटापाण्याची. त्या आरशासमोर तिचे स्टेजवरचे कपडे ठरायचे, आणि ते ठरवायला माझी आई आपले शनिवार मोकळे ठेवायची.

नागपूर सोडून आम्ही इंग्लंडमधल्या पिनरला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि रेवा बोट धरून चालणारी. बाबा हाडांचे डॉक्टर, आई भूल देणारी. फ्रिजवर दोघांच्या ड्यूट्यांचा कागद लावलेला असायचा आणि आमचं घर त्या कागदाप्रमाणे चालायचं. शाळेत मला बक्षीस मिळालं त्या संध्याकाळी आई ऑन कॉल. माझ्या पदवीदान समारंभाला बाबा एकटे आले, आई ऑन कॉल. मी कधी तक्रार केली नाही. आई अशीच, सगळ्यांशी अशीच, असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं. ती कुणाचीच नाही म्हटल्यावर माझीही नाही, यात दुःख करण्यासारखं काय होतं?

जादूची ती पहिली पेटीसुद्धा खरं म्हणजे माझी. वाढदिवसाला बाबांनी आणली होती. तीन लाल कप, स्पंजचे गोळे, पोकळ छडी, आणि एक बारीक अक्षरांचं पुस्तक. मी ते पुस्तक दोनच संध्याकाळींत वाचून काढलं. कुठली गोष्ट कशी होते ते कळलं आणि माझ्यापुरती गंमत संपली. रेवाला वाचता येत नव्हतं. ती ते कप घेऊन बाथटबमध्ये बसायची, झोपताना गोळे मुठीत धरायची. पुढे मी परीक्षेचा अभ्यास करायची तेव्हा ती जिन्यात बसून नाण्याचा सराव करायची. नाणं बोटांवरून चालताना आवाज नसे. पडलं की लाकडी पायरीवर टण्. मग शांतता. मग पुन्हा टण्. त्या वर्षीचं माझं सगळं गणित त्या आवाजाच्या तालावर झालं. नंतर हळूहळू ते टण् यायचं बंद झालं. मी वहीतून डोकं वर काढून वाट बघायची, पण नाणं पडायचं नाही. तेव्हा मला कळलं की हिला काहीतरी येतंय, जे मला येत नाही.

मग ती दिवाळी आली. हॅरोमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. ओल्या कोटांचा, चकलीच्या तेलाचा आणि उदबत्तीचा मिसळलेला वास. रेवा तेव्हा पंधरा-सोळाची असेल. कार्यक्रम ठरवणाऱ्या काकू म्हणाल्या होत्या, "जादू कर हो, पण आपल्या वेशात कर. छान ठसठशीत दिसू दे." म्हणून तिने माझा जुना हिरवा घागरा घातला. सुरुवात चांगली झाली. मग तिने हात वर केला, ओढणी बांगडीत अडकली आणि कंबरेशी दडवलेले सगळे रेशमी रुमाल एकदम खाली आले. त्यांच्यामागून एक प्लॅस्टिकचं अंडं सुटलं आणि गडगडत थेट स्टेजच्या कडेपर्यंत गेलं.

लोक हसले. वाईट नाही हसले, आपल्या घरच्या मुलीला हसतात तसे हसले. पण रेवाचा चेहरा पांढरा पडला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. माझ्या पोटात एक थंड, गोड लहर उठली आणि तिच्या मागोमाग लाजही आली. पण लहर आधी.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. सगळ्यांसमोर स्टेजपर्यंत गेली, वाकून अंडं उचललं, रेवाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पुढे कर."

गाडीने आम्ही घरी निघालो. पिनरच्या वळणावर आई म्हणाली, "चूक हातांची नव्हती. कपड्यांची होती." आणि पुढच्या शनिवारी ड्यूटी बदलून घेऊन ती रेवाला परमजीत आंटींकडे घेऊन गेली.

मी तेव्हा ब्रिस्टलला विमानाच्या इंजिनांच्या कंपनीत नुकतीच लागले होते. शनिवारी घरी यायची. ब्रिस्टलची कोच हीथ्रोला थांबते, तिथून हाउन्सलो दोन पावलांवर. पहिल्यांदा आईचा फोन आला, "पिनरपर्यंत धक्के खात येऊ नकोस, हाउन्सलोलाच ये, आम्ही घ्यायला येतो," तेव्हा मला इतका आनंद झाला की मी कोचमध्ये केस विंचरले, लिपस्टिक लावली. कित्येक शनिवार मी त्या आनंदात होते. मग एकदा मला सर्दी झाली. मी फोन करून म्हटलं, "आई, या वेळी येत नाही. तुम्हाला उगाच खेप नको."

"बरं," आई म्हणाली. "विश्रांती घे. आम्ही तशाही तिकडेच असतो."

त्या 'तशाही'वर मी अंगावर पांघरूण घेऊन बराच वेळ पडून राहिले.

तरी पुढच्या शनिवारी गेलेच. न जाता राहवलं नसतं. तिथे जे चालायचं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं. माझी आई, जी स्वतःसाठी ब्लाउजपीस निवडताना दुकानदाराच्या पहिल्या शब्दाला हो म्हणायची, ती कापड चिमटीत धरून दिव्याखाली नेत होती. चुरगाळून कानाशी धरत होती. "हे सळसळतंय. खिशात हात घातला की मागच्या रांगेला ऐकू जाईल." आधी पिनरच्या चॅरिटी शॉपमधला कुणीतरी वापरलेला, मागे दोन शेपट्यांचा पुरुषी कोट आणून बघितला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा आणि कुणाच्या तरी पाइपच्या तंबाखूचा वास होता आणि रेवा त्यात बुडून गेली होती. मग काळा टिकल्यांचा झगा झाला. टिकल्यांत रुमाल अडकायचे. मग मखमल. दिव्यांखाली रेवाला घाम फुटायचा आणि पत्ते ओले व्हायचे.

"आणि बायकांच्या कपड्यांना खिसे काहून नसतात?" आई संतापून विचारायची. राग आला की तिची भाषा थेट नागपूरला जायची.

परमजीत आंटी तोंडातल्या टाचण्यांतून हसायच्या. "डॉक्टर साहिबा, हमें कौन पूछता है? जितने बोलो उतने लगा दूँगी."

मग आई पाकिटाच्या पाठीवर खिसे काढायची. हा उभा, हा तिरका, हा आत झोळीसारखा, वस्तू टाकली की आवाज न करता तळाला जाईल असा. रेवाचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत टेपने मोजायची, कोपरात वाकवून पुन्हा मोजायची. रेवाच्या दंडावर तिची बोटं इतकी हलकी असायची! माझ्या पहिल्या मुलाखतीला आईने मला बँकेचं कार्ड दिलं होतं आणि म्हणाली होती, "कुठलाही काळा सूट घे, काळा चालतो सगळीकडे." मी स्टुलावर बसून माझ्या दंडावर ती बोटं कशी लागली असती याचा विचार करायची. चोविसाव्या वर्षी. टाचण्यांचा डबा धरून.

आणि त्या दोघी हसायच्या. रेवा आरशात बघत खोट्या प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायची, आई "बाप्पा रे!" म्हणून दचकल्याचं सोंग करायची. माझ्या आईला सोंग करता येतं हे मला माहीत नव्हतं.

हिवाळा संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. रेवाला ब्रिस्टलमध्ये एका छोट्या थिएटरात नव्या जादूगारांच्या संध्याकाळी खेळ करायचं आमंत्रण आलं होतं. पहिला खरा प्रयोग, तिकीट काढून येणाऱ्या अनोळखी लोकांसमोर. कोट करायचा हे ठरलं होतं, लांब, बंद गळ्याचा. कापड मिळत नव्हतं.

त्या शनिवारी मी दुकानात शिरले तेव्हा मोठ्या टेबलावर मधाच्या रंगाचं काहीतरी पसरलं होतं आणि आंटी त्यावर खडूने रेघा मारत होत्या. कडेला विटकरी काठ, त्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. मी जवळ गेले नाही. जायची गरज नव्हती. दारातूनच मला तिचा वास आला, लवंगा आणि वेखंड.

आईची करवतकाठी टसरची साडी. नागपूरला पहिल्या नोकरीत असताना घेतलेली. लहान असताना मी तिच्या निऱ्यांत तोंड खुपसून उभी राहायची. टसर खरखरीत असतं, गालाला मांजराच्या जिभेसारखं लागतं. आई म्हणायची, "ओढू नकोस, तुझीच आहे ती. मोठी झालीस की नेस." पिनरच्या घरात ती कपाटाच्या वरच्या फळीवर होती, आणि मी घरी गेले की एकदा तरी हात लावून यायची. तिचे आता चार तुकडे झाले होते.

"कापली?" मी म्हटलं.

"अगं, बरं झालं आलीस," आई म्हणाली. "बघ, रंग कसा दिसतो दिव्याखाली. आवाज करत नाही, चमकत नाही. इतके दिवस आम्ही वेड्यासारखे शोधतोय आणि हे घरात पडलेलं."

"ती माझी होती."

"कोण?"

"साडी. तू म्हणाली होतीस."

आईने क्षणभर आठवून पाहिलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते शोधणं बघत होते. "म्हटलं असेन," ती म्हणाली. "पण तू नेसतेस कुठे साडी?"

"मी नेसते की नाही हा प्रश्न नाहीये! तू मला विचारलं का नाहीस?"

"तू कधी मागितलीस?"

"माझी आहे म्हटल्यावर मागायची कशाला?"

"आता दुकानात तमाशा करू नकोस."

"मी तमाशा करतेय? मी? इतके शनिवार मी इथे टाचण्या धरून बसते, मला एकदा तरी विचारलंस, तुला काही शिवायचंय का?"

"तुला काय शिवायचंय? बोल ना! तोंडाने बोलशील तर कळेल. लहानपणापासून तुझं हेच. काहून असं तोंड पाडून बसायचं आणि वर म्हणायचं कुणी विचारत नाही?"

आंटी खडू हातात धरून थांबल्या होत्या. रेवा आरशासमोर, एका बाहीला टाचण्या लावलेल्या, हात शरीरापासून लांब धरून उभी. ती एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "हा साडी तुझा होता?"

"ही," मी म्हटलं. "ही साडी. तुझी. होती." आणि बाहेर जाऊन बस स्टॉपवर उभी राहिले.

कोट मात्र झाला. आणि तो सुंदर झाला, हे मला सांगायलाच हवं. मी त्यात खोट शोधली. गळ्यात, बगलेत, पाठीच्या शिवणीत शोधली. मिळाली नाही. करवतीचा काठ समोरून दोन्ही कडांनी खाली उतरत होता आणि मनगटांवर वळत होता. आतून सगळं काळं, आणि त्या काळ्यात आईचे खिसे. रेवाने तो चढवला, हात वर केला, खाली आणला. काही पडलं नाही, काही अडकलं नाही, काही वाजलं नाही. ती एकदम उंच दिसायला लागली. माझ्यावर ती साडी कशी दिसली असती, ते मला आता कधीच कळणार नव्हतं. त्यामुळे माझ्या मनात ती मला नेहमी याहून जास्त शोभते.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्या दोघी ब्रिस्टलला माझ्या फ्लॅटवर उतरल्या. मी त्या फ्लॅटमध्ये राहायला लागल्यापासून आई पहिल्यांदाच येत होती. मी खिडक्या पुसल्या, पडदे धुतले, तिला आवडतं म्हणून साबुदाण्याची खिचडी केली. आई आत आली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "इस्त्री कुठे आहे?"

सकाळी रेवा आंघोळीला गेलेली असताना आई माझ्या टेबलावर कोटाला इस्त्री करत होती. टसरला वाफ लागली की एक ओलसर, पालापाचोळ्यासारखा वास येतो. नागपूरच्या घरात, सणाच्या सकाळी यायचा तो. आम्ही दोघींनी तो ओळखला.

मग मीच म्हटलं, "तू मग माझी आहे असं का म्हणाली होतीस?"

आईने इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं, पुन्हा भांडण होईल. पण ती काठावरून हात फिरवत राहिली.

"तेव्हा तू चार वर्षांची होतीस," ती म्हणाली. "तेव्हा सगळंच तुझं होतं."

तिने पुन्हा इस्त्री उचलली आणि दुसऱ्या बाहीला लागली. मी भांडी घासायला गेले, घासलेली भांडी पुन्हा घासली.

थिएटर बंदराजवळ होतं, जुन्या गोदामात काढलेलं, लहानसं. खुर्च्यांना धुळीचा आणि सांडलेल्या बिअरचा वास. आई आणि मी तिसऱ्या रांगेत. रेवा आली आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या आधीच एक हलका 'आह' केला. तो कोटाला होता. आईने माझं मनगट पकडलं.

रेवा चांगली होती. फार चांगली होती. नाणी हवेतून काढली, कुणाच्या तरी कानामागून अंगठी काढली, पत्ते पंख्यासारखे उघडले आणि कोरे करून दाखवले. मग तिने खिशातून काठाची एक लांब पट्टी काढली. शिवताना उरलेली. माझ्या साडीची.

"या कोटाबद्दल तुम्हाला सांगायला हवं," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "ही माझ्या आईची साडी होती. आईने ती माझ्या बहिणीला द्यायचं कबूल केलं होतं. मग आम्ही ती कापली." ती थांबली. "माझी बहीण आज इथे आलीये. तिसरी रांग. तिने आम्हाला माफ केलेलं नाही."

सगळं थिएटर हसलं आणि वळलं. शेपन्नास चेहरे माझ्याकडे. मी हसले. हसण्यावाचून करणार काय? रेवाने मला कात्री दाखवली, पट्टीचे दोन तुकडे केले, चार केले, मुठीत चुरगाळले. मग अगदी हळू, एका टोकाला धरून तिने ती पट्टी ओढून काढली. अख्खी. कुठे शिवण नाही, गाठ नाही.

लोक उभे राहिले. आई रडत होती. मी टाळ्या वाजवत होते आणि माझे कान तापले होते. साडी घेतली ती घेतली. पण मी इतके महिने कुणाला न दाखवता जपलेला मत्सरही तिने घेतला होता, आणि त्यावर टाळ्या मिळवल्या होत्या. माझ्याकडे असताना त्याचं काहीच झालं नव्हतं.

नंतर आई थिएटरच्या लोकांशी बोलत होती, तेव्हा रेवा आणि मी पाण्याच्या कठड्याशी उभ्या होतो. जूनचा उजेड अजून गेला नव्हता. होड्यांच्या दोऱ्या करकरत होत्या. तिने कोट काढून हातावर घेतला होता.

"तू angry आहे," ती म्हणाली.

"हो."

"मी आधी विचारायला पाहिजे होता."

"हो."

तिने कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. मग अर्ध्या इंग्लिशमध्ये, भराभर बोलली. त्या दिवशी दुकानात आम्ही भांडत होतो ना, तेव्हा तिला आमचं अर्धंच कळत होतं. आईला तिने एवढं मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तिचं नाक लाल झाला होता. हात असे असे करत होती. ताई, माझ्याशी ती असं कधीच भांडत नाही. माझ्याशी ती slowly बोलते. 'Please' म्हणते. Like I'm a patient. I was standing there with pins in my arm and I was so jealous, मला रडायला येत होता."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, पोटात काहीतरी ऊन पडल्यासारखं. माझ्याजवळ असं काही होतं, ज्याच्याकडे ही पोरगी कोट घालून आरशासमोर उभी असताना बघत होती. मी तिला जवळ घेतलं, पण लगेच नाही. आधी तो आनंद थोडा वेळ नुसता जवळ ठेवला.

त्यानंतर शनिवार राहिले नाहीत. रेवा जहाजांवर खेळ करायला गेली. तो कोट बरीच वर्षं तिच्यासोबत फिरला आणि मग कुठल्याशा बंदरात सामानाबरोबर हरवला. आईबाबा निवृत्त होऊन नागपूरला परतले. आंटींचं काय झालं, पार्लरमधल्या मुलीला सांगता आलं नाही. "नखं करायचीत का पण?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं, आरशाकडे एकदा बघितलं आणि निघाले.

घरी पोहोचते तर फोनवर रेवाचे फोटो आले होते. शरद ऋतूत ती इंग्लंडभर दौरा करतेय, मोठ्या थिएटरांतून. त्यासाठी नवा पोशाख. गडद निळा कोट, चांदीच्या धाग्याचं काम. फोटोत तिच्या शेजारी एक उंच, लाल केसांची बाई गुडघ्यावर बसली होती, तोंडात टाचण्या धरून. खाली रेवाने लिहिलं होतं, 'विथ द जीनियस क्लेअर.' मी जेवण तसंच ठेवून ते फोटो बघत बसले. क्लेअरचा एक हात रेवाच्या दंडावर होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आईचा फोन आला.

"फोटो बघितलेस?" तिने विचारलं.

"कुठले?" मी म्हटलं.

"बघितलेस तू. ती कोण गं बाजूला बसलीये?"

"क्लेअर. कपडे डिझाइन करते. सगळे मोठे लोक तिच्याकडेच जातात म्हणे."

"अस्सं," आई म्हणाली. नुसतं अस्सं. पण तो आवाज मी ओळखला. तो माझा आवाज होता, स्टुलावरचा.

तिच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"खांद्यात झोळ आहे," आई म्हणाली.

मी फोटो मोठा केला. कोट अप्रतिम होता. खांदा अंगावरच बेतून शिवल्यासारखा बसला होता. "आहे," मी म्हटलं. "डाव्या."

"डाव्याच म्हणतेय मी. आणि हा रंग कुणी सुचवला? आजारी दिसतेय पोरगी."

"वॉर्डाच्या पडद्यासारखा रंग आहे."

आई हसली. फस्सकन, अंगभर हसली. दुकानात मला तिचं हसणं पाठीमागून ऐकावं लागायचं. आता ते सरळ माझ्या कानात होतं.

"आणि ती चांदीची जर!" ती म्हणाली. "दिवा पडला की डोळ्यांत जाणार लोकांच्या. एवढी जीनियस आहे, तर एवढं कळू नये?"

"रुमाल अडकेल त्यात."

"अडकेलच. खिसे तरी बघ कुठे दिलेत."

मी खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले. नवऱ्याने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे बघून काही न विचारता परत गेला. पलीकडे बाबांचा आवाज आला, जेवायचं का म्हणून.

"थांबा जरा," आई त्यांना म्हणाली. "थोरलीशी बोलतेय. महत्त्वाचं चाललंय." मग मला, आवाज खाली आणून, "हं. आता तो पाठीचा फोटो काढ. नीट मोठा कर. गळा बघू."